नऊ जणांच्या वर्गात तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. बारावी कला शाखेतून झाले आणि इथल्याच कॉलेजात एफवायबीएला प्रवेश घेतला. विषय तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही नऊच जण आहोत आणि शिकवायला एकच मॅडम. मामा म्हणतात, पुण्यालाच जायला हवं होतं, इथे या विषयांना कोण विचारतंय. इंग्लंडमध्ये हे तीन विषय एकत्र घेऊन मोठी पदवी मिळते असं मी वाचलं, पण आमच्याकडे तर तिन्ही विषयांचे शिक्षक आपापलं शिकवून निघून जातात. माझं गणित दहावीनंतर सुटलं, इंग्रजी वाचायला वेळ लागतो. पुढे एमए अर्थशास्त्र करायची इच्छा आहे. दुसऱ्या वर्षी मेजर, म्हणजे मुख्य विषय, कोणता घेऊ? आणि आतापासून नेमकं काय करू? घरी कांदा असतो, त्यामुळे हंगामात महिनाभर अभ्यासाला फारसा वेळ मिळत नाही, हेही सांगून ठेवते.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तू वाचलंस ते ऑक्सफर्डबद्दल असणार. या तीन विषयांची एकत्र पदवी तिथे १९२० साली सुरू झाली. पहिल्या वर्षी तिन्ही विषय सगळ्यांना असतात, पुढे तिन्ही ठेवायचे की दोनच, हे विद्यार्थी ठरवतो. पण त्या पदवीचं बळ विषयांच्या यादीत नाही, शिकवण्याच्या पद्धतीत आहे. आठवडाभर नेमून दिलेलं वाचायचं, एका प्रश्नावर निबंध लिहायचा आणि दोघा-तिघांनी शिक्षकासमोर बसून त्यातलं प्रत्येक वाक्य तपासून घ्यायचं. आठ आठवड्यांचं सत्र, आणि ते संपेपर्यंत हेच चालू.

या पद्धतीला लागतं काय? वाचायला थोडा मजकूर, लिहायला कागद, आणि तुझं लिहिलेलं वाचायला वेळ असलेला शिक्षक. शंभर-सव्वाशेच्या वर्गात ही शेवटची गोष्ट मिळत नाही. नऊ जणांच्या वर्गात मिळू शकते. म्हणून तुझं कॉलेज लहान असणं ही अडचण समजू नकोस. खऱ्या अडचणी तीन आहेत : तिन्ही विषय जोडून देणारं कुणी नाही, गणित सुटलेलं आहे, आणि दुसऱ्या वर्षी एक विषय हातातून जाणार आहे.

शेवटच्या अडचणीपासून सुरुवात करू, कारण तिला मुदत आहे. तुझ्या विद्यापीठाच्या नव्या रचनेत सत्राला २२ क्रेडिट (श्रेयांक) आणि तीन वर्षांना १३२ क्रेडिट असतात. पहिल्या वर्षी तिन्ही विषयांना सारखं वजन असतं. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर होतो, एक मायनर म्हणजे दुय्यम विषय, आणि तिसरा सुटतो. तुला एमए अर्थशास्त्र करायचं असेल तर मेजर अर्थशास्त्रच घे, यात दुसरा विचार करू नकोस. प्रश्न मायनरचा आहे. आमचं मत तत्त्वज्ञानाच्या बाजूने आहे. राज्यशास्त्राचा बराचसा भाग संविधान, वर्तमानपत्र आणि चांगली पाठ्यपुस्तकं यांच्या आधाराने आपला आपण वाचता येतो. तत्त्वज्ञान तसं वाचता येत नाही. तिथे आपल्या युक्तिवादातलं भोक दाखवणारं दुसरं माणूस समोर लागतं, नाहीतर मोठमोठी नावं पाठ होतात आणि विचार होता तिथेच राहतो.

पण हे मत एका अटीवर. अर्ज भरायच्या आधी कॉलेजच्या कार्यालयात आणि मॅडमना तीन गोष्टी विचारून घे. गेल्या वर्षी एसवायला तत्त्वज्ञान घेणारे किती होते? किती जण असले तर वर्ग चालवतात? आणि मॅडमची नेमणूक कायम आहे की सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर? तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटेल, तरी विचार. तासिका तत्त्वावरच्या नेमणुका दरवर्षी नव्याने होतात आणि अनेकदा सत्र सुरू होऊन महिना-दोन महिने लोटल्यावर होतात. तोवर वर्ग रिकामा असतो आणि अभ्यासक्रम शेवटच्या चार-सहा आठवड्यांत कोंबला जातो. अशी स्थिती असेल तर मायनर राज्यशास्त्र घे आणि तत्त्वज्ञान निबंधांतून चालू ठेव. सुटलेल्या विषयाच्या तासाला नुसतं ऐकायला बसू द्याल का, असं लहान कॉलेजात विचारलं तर बहुतेक शिक्षक आनंदाने हो म्हणतात. स्वयम् या सरकारी संकेतस्थळावरचा एखादा कोर्सही करता येतो. शिकणं मोफत असतं, प्रमाणपत्राच्या परीक्षेचं शुल्क भरावं लागतं. त्याचे क्रेडिट पदवीत धरून हवे असतील तर नाव नोंदवण्याआधी कॉलेजची लेखी संमती घे. कोर्स संपल्यावर प्रमाणपत्र घेऊन गेलेल्यांचे अर्ज इथेच अडकतात.

आता मुख्य काम, आठवड्याचा निबंध. आणखी एक-दोन मैत्रिणी किंवा मित्र तयार असतील तर तिघं मिळून करा. तिघांपेक्षा जास्त नकोत. मॅडमकडे जाऊन 'मार्गदर्शन करा' असं मोघम म्हणू नका. लहान कॉलेजातल्या शिक्षकांमागे नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, परीक्षेची कामं, निवडणुकीची ड्यूटी असं बरंच काही असतं. मोघम विनंतीला मोघम होकार मिळतो आणि ती तिथेच विरते. त्याऐवजी नेमकं मागा : दर मंगळवारी शेवटच्या तासानंतर २० मिनिटं, आणि निबंध आदल्या शनिवारी हातात. सहा आठवड्यांसाठीच विचारा. सहा आठवडे नीट पार पडले की पुढचं आपोआप ठरतं. पाळी लावा : एक आठवडा तत्त्वज्ञान, एक राज्यशास्त्र, एक अर्थशास्त्र. प्रत्येक विषयाच्या शिक्षकांवर तीन आठवड्यांतून एकदाच भार पडतो.

निबंध ७०० ते ८०० शब्दांचा, म्हणजे फुलस्केपची साडेतीन पानं. यापेक्षा मोठा लिहायचा मोह होईल, पण लांबी वाढली की विचार पातळ होतो आणि तपासणाऱ्याचा उत्साहही. सोमवारी प्रश्न ठरव. बुधवारपर्यंत २५-३० पानं वाच, त्याहून जास्त नकोत. गुरुवारी अर्ध्या पानात आराखडा कर. शुक्रवारी पुस्तक मिटून दोन तासांत लिही. पुस्तक मिटलेलंच पाहिजे. उघडं राहिलं की वाक्यं त्याची उतरतात आणि तुला काय कळलंय हे कुणालाच समजत नाही, तुलासुद्धा.

प्रश्न निवडणं हे अर्धं काम आहे. 'लोकशाहीचे गुणदोष स्पष्ट करा' हा परीक्षेचा प्रश्न आहे, निबंधाचा नाही, कारण त्याला चुकीचं उत्तरच नाही. 'ग्रामसभेने बहुमताने घेतलेला निर्णय वस्तीतल्या दहा घरांवर अन्याय करणारा असेल, तर त्या दहा घरांनी तो पाळायला हवा का?' हा निबंधाचा प्रश्न. इथे हो किंवा नाही म्हणावंच लागतं आणि म्हटलं की कारण द्यावं लागतं.

मांडणी आपल्याकडे जुनी आणि चोख आहे, तीच वापर : पूर्वपक्ष, खंडन, सिद्धान्त. फक्त एक बदल कर, तुझं उत्तर पहिल्याच परिच्छेदात तीन वाक्यांत सांगून टाक. मग तुझं सर्वांत भक्कम कारण. एकच, पाच नाहीत. मग पूर्वपक्ष, म्हणजे तुझ्या विरोधात बोलणाऱ्या हुशार माणसाचा सर्वांत चांगला मुद्दा. तो मुद्दा त्या माणसाने वाचला तर 'हो, हेच मला म्हणायचंय' असं त्याला वाटलं पाहिजे. मग त्याला तुझं उत्तर. आणि शेवटी, उत्तर देऊनही काय शिल्लक राहतं ते प्रामाणिकपणे सांगायचं.

बिघडतं कुठे, तेही सांगते. पहिलं पान विचारवंताच्या जन्मगावात आणि जन्मसालात खर्च होतं. दुसऱ्या पानावर तीन व्याख्या येतात आणि त्यांचा पुढे उपयोगच होत नाही. शेवटी 'थोडक्यात, दोन्हींचा समन्वय साधणे गरजेचे आहे' असं वाक्य येतं. हे वाक्य आपल्याला शाळेपासून लागलेलं आहे. ते लिहावंसं वाटलं की समज, तू अजून उत्तर दिलेलं नाहीस. समन्वय हवा असेल तर कुठे किती, आणि दोन्हींची टक्कर झाली तर कुणाचं ऐकायचं, ते लिही.

आता तीन विषय जोडायचे कसे. त्यासाठी एकच प्रश्न तिन्ही बाजूंनी उकलून बघायचा. तुझ्या घरचाच घेऊ.

१९ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावाने बाहेर विकायचं नाही) आणि ४० टक्के शुल्क लागू झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. प्रश्न असा : निर्यातबंदी योग्य होती का?

आधी अर्थशास्त्र. वहीत आकडे मांड. हे आकडे आपण मानलेले आहेत, हिशेब समजायला. समज, बाजारात ११० क्विंटल कांदा आहे. १०० देशात विकला जातो, १० बाहेर जातो, दोन्हीकडे भाव क्विंटलला २,००० रुपये. उत्पादकांना मिळाले २,२०,००० रुपये. आता निर्यात बंद झाली आणि ते १० क्विंटलही देशातच विकायचे आहेत. कांद्याची मागणी लवचीक नसते. भाव पडला म्हणून कुणी रोजच्या भाजीत दुप्पट कांदा घालत नाही. मागणीची लवचिकता ०.२ धरली, म्हणजे भाव १ टक्का उतरला की मागणी ०.२ टक्केच वाढते असं मानलं, तर १० टक्के जास्त माल खपवायला भाव ५० टक्के उतरावा लागतो. म्हणजे ११० क्विंटल, १,००० रुपयांनी, एकूण १,१०,०००. उत्पादकांचं नुकसान १,१०,००० रुपये. माल फक्त १० टक्के वाढला आणि भाव अर्धा झाला, ही गोष्ट तुझ्या घरी सगळ्यांना अनुभवाने माहीत आहे. लवचिकता ही संकल्पना त्याचं कारण सांगते.

पण इथे थांबू नकोस, कारण बहुतेक जण इथेच थांबतात. ग्राहकांचा फायदा किती झाला? मागणीची रेषा सरळ धरून आकृती काढ. आधी जे १०० क्विंटल घेत होते त्यांचे क्विंटलमागे १,००० रुपये वाचले, म्हणजे १,००,०००. वरच्या १० क्विंटलचा फायदा त्रिकोणाचा, १० गुणिले १,००० भागिले २, म्हणजे ५,०००. एकूण १,०५,०००. आता दोन्ही आकडे शेजारी ठेव. उत्पादकांचं गेलं १,१०,०००, ग्राहकांना मिळालं १,०५,०००, आणि ५,००० कुणालाच मिळाले नाहीत. पाठ्यपुस्तक या ५,००० कडे बोट दाखवून धोरण अकार्यक्षम आहे म्हणतं. ते बरोबरच आहे, पण खरी मोठी रक्कम दुसरीच आहे. एका गटाच्या खिशातून १,०५,००० रुपये दुसऱ्या गटाच्या खिशात गेले. हे योग्य की अयोग्य, ते अर्थशास्त्राची आकृती सांगत नाही. त्यासाठी पुढच्या दोन विषयांकडे जावं लागतं, आणि अर्थशास्त्र कुठे संपतं हे नेमकं दाखवता येणं हीच या तीन विषयांच्या अभ्यासातली पहिली खरी कमाई.

मग राज्यशास्त्र. हा निर्णय कुणी घेतला आणि कोणत्या अधिकारात? संविधानाची सातवी अनुसूची उघड. शेती राज्यसूचीत, नोंद १४. बाजार आणि जत्रा राज्यसूचीत, नोंद २८. आयात-निर्यात मात्र संघसूचीत, नोंद ४१. म्हणजे बाजार समिती राज्याच्या कायद्याखाली, लिलाव तिथे, भाव पडलेला दिसतो तिथे, पण भाव पाडणारा निर्णय दिल्लीतला. लिलाव बंद पाडले जातात ते समितीच्या आवारात. निर्णय निघतो १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली, विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने, आणि त्यासाठी आधी संसदेत चर्चा व्हावी लागत नाही. वाणिज्य, ग्राहक व्यवहार आणि कृषी अशा तीन मंत्रालयांचे हितसंबंध तीन दिशांना असतात. त्यातल्या कुणाचं ऐकलं गेलं आणि का? इथे एक चांगलं कोडं आहे. सिद्धान्त असं सांगतो की थोडे आणि एकवटलेले लोक जास्त आणि विखुरलेल्या लोकांवर मात करतात, कारण त्यांना संघटित होणं सोपं जातं. कांदा उत्पादक काही जिल्ह्यांत एकवटलेले आहेत, ग्राहक देशभर पसरलेले. मग उत्पादक का हरले? महागाईचा निर्देशांक, निवडणुकीचं वेळापत्रक, शहरी वर्तमानपत्रांतल्या बातम्या, साठवणूक करू शकणारा आणि न करू शकणारा शेतकरी यांच्या हितांतला फरक, यांतलं कोणतं कारण किती भार उचलतं ते तपासायचं. हा एका निबंधाचा स्वतंत्र विषय आहे.

शेवटी तत्त्वज्ञान, आणि इथे घाई करायची नाही. बंदीचं समर्थन करणाऱ्याचा युक्तिवाद वाक्यावाक्याने लिहून काढ. एक, कांदा गरिबांच्या रोजच्या जेवणातली गरज आहे. दोन, गरजेच्या वस्तू गरिबांना परवडतील अशा ठेवणं सरकारचं कर्तव्य आहे. तीन, निर्यातबंदीने भाव उतरतो. म्हणून निर्यातबंदी योग्य आहे. वाचायला ठीक वाटतं. आता विचार, ही तीन वाक्यं खरी मानली तरी निष्कर्ष निघतो का? नाही निघत. मध्ये दोन वाक्यं न बोलता गृहीत धरलेली आहेत. एक, गरिबांना स्वस्त देण्याचा खर्च उत्पादकाने सोसावा, सगळ्या करदात्यांनी नव्हे. दोन, कमी नुकसान करणारा दुसरा मार्ग नव्हता. सगळा वाद या न लिहिलेल्या वाक्यांत आहे. ती शोधून कागदावर आणणं, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकायचं मुख्य कौशल्य आहे.

मग त्या पहिल्या गृहीतकावर काम कर. एकूण सुख मोजणारा उपयुक्ततावादी विचारेल की गरीब ग्राहकाला एक रुपया वाचण्याचं सुख आणि दीड एकरवाल्या उत्पादकाला एक रुपया जाण्याचं दुःख यांत मोठं कोणतं, आणि स्वस्त कांदा घेणाऱ्यांत श्रीमंत किती होते. न्यायाचा सिद्धान्त मांडणाऱ्या जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाच्या मागून जाणारा विचारेल की सर्वांत खालच्या पायरीवर कोण आहे, शहरातला मजूर की कोरडवाहू शेतकरी. व्यक्तीचे हक्क सर्वांत वर मानणाऱ्या रॉबर्ट नॉझिक या तत्त्वज्ञाचा अनुयायी म्हणेल, स्वतःच्या कष्टाचा माल हव्या त्या माणसाला विकण्याचा हक्क मोडायचा अधिकारच सरकारला नाही, मग सुखाची बेरीज काहीही येवो. तिघांची नावं लिहून मोकळी होऊ नकोस. एकाची बाजू घे आणि दुसऱ्याच्या हल्ल्यापासून ती वाचवून दाखव. आणि तू उत्पादकाच्या घरातली आहेस, म्हणून पहिला निबंध बंदीच्या समर्थनाचा लिही. आपल्या बाजूच्या विरोधात जोरकस लिहिता आलं की मग आपली बाजू कळते.

असा एक प्रश्न सत्राला पुरे. पाण्याचे टँकर, उसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर), जिल्हा परिषदेच्या शाळांचं समायोजन, पंचायतीतलं महिला आरक्षण, हे सगळे असे तिहेरी प्रश्न आहेत आणि त्यांचे कागद तालुक्यालाच मिळतात. ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक ग्रामसभेपुढे येतं, तिथून ते वाचायला सुरुवात कर. जमा आणि खर्चाचं प्रत्येक शीर्ष कोणत्या कायद्याने किंवा योजनेने आलं ते शोधलंस, तर सार्वजनिक वित्ताचा अर्धा पेपर समजून होतो.

गणिताबद्दल सरळ सांगते. बीएच्या अर्थशास्त्रात गणित टाळून चांगले गुण मिळतात, आणि तोच सापळा आहे. एमएच्या चांगल्या प्रवेश परीक्षांत आणि पहिल्या सत्रात गणित आणि संख्याशास्त्र समोर उभं राहतं, आणि तिथे बीएचे ७५ टक्के कामाला येत नाहीत. आतापासून रोज ४५ मिनिटं दे, आठवड्याचे सहा दिवस. क्रम असा ठेव. आधी शेकडेवारी, गुणोत्तर, एकसामयिक समीकरणं आणि आलेखावरचा चढ, कारण मागणी-पुरवठ्याची प्रत्येक आकृती यावर उभी असते. मग फलन, घातांक आणि लॉगॅरिदम. मग विकलन आणि त्याने महत्तम-लघुत्तम काढणं. तिसऱ्या सत्रापासून आंशिक विकलन, सारणी (मॅट्रिक्स), आणि संभाव्यता, मध्य, विचरण, सहसंबंध, समाश्रयण. बालभारतीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत आहेत. वाणिज्य शाखेचं गणित घे, त्यातली उदाहरणं तुझ्या कामाची आहेत. सोडवलेलं उदाहरण वाचून 'कळलं' म्हणू नकोस, झाकून पुन्हा सोडव. एका प्रकारची दहा गणितं अडथळ्याशिवाय सुटली की पुढे जा. कांद्याच्या हंगामात निबंध थांबव, पण गणित १५ मिनिटं तरी चालू ठेव, कारण खंड पडला की सर्वांत आधी तेच विसरतं.

इंग्रजीसाठी वेगळा क्लास लावायची गरज नाही. रोज इंग्रजीतली दोनच पानं वाच आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात मराठीत एक ओळ लिही : हा परिच्छेद काय म्हणतो. शब्द अडला तर लगेच कोश उघडू नकोस, परिच्छेद संपल्यावर उघड. पारिभाषिक शब्दांची वही दोन रकान्यांची ठेव, मराठी आणि इंग्रजी, आणि प्रत्येक शब्दापुढे तुझं स्वतःचं एक उदाहरण. परीक्षा मराठीत दे, त्यात काही कमीपणा नाही. पण पुढच्या प्रवेश परीक्षा आणि एमएची पुस्तकं बहुतेक इंग्रजीत असतात, म्हणून महिन्यातला एक निबंध इंग्रजीत लिही, मोडका असला तरी चालेल. संकल्पना पहिल्यांदा समजून घ्यायला मराठी विश्वकोशातल्या नोंदी चांगल्या आहेत आणि संकेतस्थळावर मोफत मिळतात. तत्त्वज्ञानासाठी स्टॅनफर्डचा मोफत ऑनलाइन ज्ञानकोश आहे. त्यातली नोंद पूर्ण वाचायला जाऊ नकोस, प्रस्तावना आणि पहिला विभाग पुरे.

पहिलं वाचन कोणतं, असं मॅडमनी विचारलं तर एक सुचवते. २५ नोव्हेंबर १९४९ चं डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं भाषण. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता या विसंगतीबद्दल त्यांनी त्यात इशारा दिला आहे. भाषण लांब नाही, संविधान सभेच्या चर्चांत मोफत वाचायला मिळतं, आणि तिन्ही विषय त्यात एकाच माणसाच्या तोंडून बोलतात. पहिल्या वाचनात फक्त त्यांचे दावे शोध. दुसऱ्या वाचनात प्रत्येक दाव्याला दिलेलं कारण. तिसऱ्यात, कोणत्या दाव्याला आज आकड्यांचा आधार मागता येईल ते.

विद्यापीठाच्या परीक्षेचं दडपण घेऊ नकोस, पण तिला हलकंही समजू नकोस. अंतर्गत गुण लहान कॉलेजात हजेरी आणि वेळेवर दिलेल्या असाइनमेंटवर ठरतात, तेवढं पाळ. गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयातून काढ आणि सत्राच्या शेवटच्या पाच आठवड्यांत त्यांवर काम कर. अर्थशास्त्रात आकृती काढून तिच्यातल्या प्रत्येक अक्षाला नाव दे. नावं नसलेल्या आकृतीचे गुण जातात आणि तेच सर्वांत जास्त राहून जातं.

मामांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. पुण्यात ग्रंथालयं आहेत, व्याख्यानं आहेत, आणि आपल्यापेक्षा पुढे असलेली मुलं रोज भेटतात. ती उणीव तुला भरून काढावी लागेल. सुट्टीत तीन-चार दिवस पुण्यात जाऊन गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय बाहेरच्या विद्यार्थ्याला कोणत्या अटींवर वापरू देतात ते विचार. कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र सोबत ने, पत्राशिवाय गेलं की फाटकावरच वेळ जातो. एमएसाठी गोखले इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग, सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून मिळणारी केंद्रीय विद्यापीठं, आणि आयआयटींसाठी जॅम या प्रवेश परीक्षेतला अर्थशास्त्राचा पेपर, असे रस्ते आहेत. कोणत्याही पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी करता येतं, आणि या तीन विषयांचं माणूस तिथे चांगलं रुळतं. यूपीएससीला तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणून घेणारे बरेच असतात, कारण अभ्यासक्रम आटोपशीर आहे. पण केवळ त्यासाठी आज मेजर बदलू नकोस. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस या परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव. निम्मे प्रश्न सुटत असतील तर वेग बरा आहे. तिसऱ्या वर्षी जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भरायचे असतात, बाकीच्या अर्जांच्या तारखा हिवाळ्यापासून येऊ लागतात आणि तेव्हा तुमच्याकडे लाल कांद्याची काढणी चालू असते, म्हणून तारखा वर्ष सुरू होतानाच शोधून कागदावर लिहून भिंतीला लाव आणि जातीचं, उत्पन्नाचं, नॉन क्रिमीलेयरचं जे प्रमाणपत्र लागत असेल त्याचा अर्ज सेतूमध्ये त्याच वेळी टाक.